बेनचे डबे

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला, तेव्हा आमच्या मुलुंडच्या घरात गुढी उभी राहिली नाही. हे रिचर्डसन अँड क्रूडासच्या जागेवरच्या महापालिकेच्या जम्बो कोविड केंद्रात ऑक्सिजनवर होते. मी आणि सासूबाई दोघीही पॉझिटिव्ह, घरातच बंद. त्याच रात्री राज्यभर संचारबंदीची घोषणा झाली.

त्या दिवसांत आम्हाला जगवलं ते समोरच्या बेननी. सकाळी बेल वाजायची. दाराच्या कडीला कापडी पिशवी असायची आणि बेन आपल्या उंबऱ्यात उभ्या. मी पिशवी आत घेतल्याशिवाय त्या दार लावत नसत. डब्यात मुगाची खिचडी, कढी, आणि वेगळ्या वाटीत गुरगुट्या भात. सासूबाईंना चावत नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्यांनीच ते हेरून ठेवलं होतं.

पाडव्याला पिशवीत कडुनिंबाचा कोवळा डहाळा, गूळ आणि साखरेची गाठी निघाली. त्यांचं नवं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. आमचं त्यांनी लक्षात ठेवलं. “आज तर गोड खायलाच पायजे,” पलीकडून त्या म्हणाल्या. सासूबाईंनी देवापुढे गाठी ठेवली आणि आजारपण आल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या रडल्या.

संध्याकाळी केंद्रातून व्हिडिओ कॉल यायचा. पीपीई किटमधली परिचारिका फोन यांच्यासमोर धरायची. तिचे फक्त डोळेच दिसायचे. “आज दोन घास जास्त खाल्ले हं काकांनी,” एवढं ती आवर्जून सांगायची. त्या एका वाक्यावर आमची रात्र निघायची.

एप्रिल सरता सरता हे घरी आले. अशक्तपणा मात्र पुढे कित्येक महिने पुरला. जिना चढताना दर मजल्यावर टेकावं लागे. २०२२ च्या फेब्रुवारीत नॅशनल पार्कच्या मुलुंडकडच्या डोंगरउतारावर पळस आणि काटेसावर फुलली, तेव्हा हे रोज सकाळी तिकडे चालत जाऊन येऊ लागले. एकदा न थांबता जिना चढून आले आणि म्हणाले, “चहा टाक, भूक लागलीये.”

त्या वर्षी पाडवा २ एप्रिलला होता. आदल्याच दिवशी राज्यातले कोविडचे निर्बंध उठले होते. आम्ही गुढी उभारली. गाठी बेनच्या हातून बांधून घेतली. शेजारचा डबा रिकामा परत करू नये, ही माझ्या आईची शिकवण. आजारपणात घरी साठत गेलेले बेनचे डबे मी घासूनपुसून ठेवले होते. त्या दिवशी ते श्रीखंड, पुरणपोळी आणि कटाच्या आमटीने भरून त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवले.

पुढे बेनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन्ही वेळचं जेवण आमच्याकडून जायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी हक्कानं बजावलं, “आमटीत गूळ जरा जास्ती टाक.” तो हक्क त्यांनी माझ्यावर सांगितला, याचा मला फार आनंद झाला.