उसन्या डोळ्यांची राखण

एके काळी आमच्या वाड्यात एकच सायकल होती, आणि ती ज्याची होती त्याच्यापेक्षा वाड्यालाच तिची ओळख अधिक होती. अंधारातही घंटेच्या आवाजावरून लोक ती ओळखीत. रात्रभर ती बांधाला टेकवून ठेवली तरी तिला हात लावण्याची कोणाची छाती होत नसे. कारण तिच्यावर परका मनुष्य बसलेला दिसला असता तर पहिल्याच वळणावर कोणीतरी त्यास हटकले असते. आज प्रत्येक दारात एक-दोन दुचाक्या उभ्या असतात. त्या एकाच घडणीच्या, एकाच रंगाच्या, आणि तोंडावर शिरस्त्राण घातलेला स्वारही सर्वत्र सारखाच. चोर गाडी घेऊन भर दिवसा आमच्या अंगणासमोरून गेला, तर आम्ही त्यास मालक समजून वाट देऊ. चोरी वाढण्यास माणसांची नीती बिघडली हे कारण नेहमी सांगितले जाते. गाड्यांची ओळख बुजली हेही कारण त्याच्या जोडीस असले पाहिजे, असे आम्हास वाटते.

या विषयाकडे आमचे लक्ष जाण्याचे निमित्त घरचेच आहे. गेल्या माघातील जत्रेच्या रात्री पालखी परतून आरत्या चालू असताना आमचा भाचा गर्दीतून वाट काढीत आला आणि एवढेच म्हणाला, "मामा, गाडी ना!" तो वायरमनचे काम करतो. फोंडे, धारबांदोडे आणि सत्तरी या तीन तालुक्यांत त्याची गिऱ्हाइके पसरलेली. गाडीवाचून त्याचे काम म्हणजे पाण्यावाचून मासा. त्यातून गाडीचे अकरा हप्ते अजून फेडावयाचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का देवाचा कौल घेण्यास गेली आणि आम्ही भाच्यास घेऊन पोलीस ठाण्यावर गेलो. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : गाडी परत मिळेल काय? ती मिळाली. बाराव्या दिवशी पोलिसांना एका बंद पडलेल्या खाणीच्या रस्त्यालगत, झुडपांत ती आढळली. परंतु बॅटरी, आरसे आणि मागचे चाक नाहीसे झाले होते. विमा होता, पण केवळ कायद्याने सक्तीचा असलेला, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. चोरीची भरपाई त्यात येत नाही. तिच्यासाठी सर्वसमावेशक विमा लागतो. बारा दिवसांची मजुरी बुडाली ती वेगळीच.

गाडी दुरुस्त होऊन दारी आली तेव्हा घरात ठरले की, ती कोठे आहे हे सांगणारे एखादे यंत्र तिच्यावर बसवावे, आणि सर्व मिळून अडीच-तीन हजार रुपयांहून अधिक खर्च होऊ नये. यंत्र निवडण्याचे काम आमच्याकडे आले. तीन दुकाने पालथी घातल्यावर आमच्या ध्यानात आले की, दुकानदार किंमत सांगतो, रंग दाखवितो, भ्रमणध्वनीवरील नकाशाही फिरवून दाखवितो. पण यंत्राला दिसते कसे, हे मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक निवड करावयाची ती त्याच गोष्टीवर.

बाजारात या यंत्रांच्या मुख्यत्वे दोन जाती आहेत. पहिली जात टॅगची. हा टॅग सदऱ्याच्या मोठ्या बटणाएवढा असतो. त्यात उपग्रहाशी संबंध ठेवणारे काहीही नसते. तो ब्लूटूथने, म्हणजे थोड्या अंतरापुरत्या रेडिओलहरींनी, आपले नाव पुटपुटत राहतो. जवळून कोणाचा भ्रमणध्वनी गेला की तो ते ऐकतो आणि मालकाला कळेल अशा रीतीने आपले स्थान पाठवून देतो. ज्याच्या खिशात तो भ्रमणध्वनी आहे त्याला याचा पत्ताही नसतो. अ‍ॅपलचा एअरटॅग २०२१ साली निघाला, तेव्हा आपल्या देशात त्याची किंमत ३,१९० रुपये होती. गूगलचे असेच जाळे २०२४ साली सुरू झाले, आणि त्यानंतर दीड हजारांच्या आसपास मिळणारे देशी टॅगही आले. मासिक आकार नाही, तारा जोडावयास नकोत, आणि नाण्याएवढी बॅटरी सुमारे वर्षभर पुरते. गरिबाच्या खिशाला परवडणारे हेच, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु हे डोळे उसने आहेत. ज्या रस्त्याने माणसे जातात तेथेच ते उघडे असतात. पणजीच्या बसस्थानकावर किंवा जत्रेच्या गर्दीत टॅग उत्तम काम देईल. कुळागरात, जेथे संध्याकाळनंतर कुत्रेही फिरकत नाही, तेथे तो मुका होतो. शिवाय गूगलच्या जाळ्याची मुळातली मांडणी अशी आहे की, एकाच भ्रमणध्वनीने टॅग ऐकला तर त्याचे स्थान कळविले जात नाही. अनेकांनी ऐकला तरच कळविले जाते. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे खासगीपण राखण्याचा हा उपाय आहे, आणि तो योग्यही आहे. पण बंद खाणीच्या रस्त्यावर दिवसातून एखादाच गुराखी जात असेल, तर मालकाच्या हाती काही लागत नाही. आणखी एक गोष्ट. परका टॅग आपल्याबरोबर फिरत असल्याचे भ्रमणध्वनीच आपल्या धन्यास कळवितो. मे २०२४ पासून अ‍ॅपल आणि गूगल या दोघांनी मिळून ही व्यवस्था एकमेकांच्या भ्रमणध्वनींवरही चालू केली. कोणा स्त्रीच्या पिशवीत टॅग लपवून कोणी तिचा माग काढू नये, हा त्यामागचा हेतू. पण तीच सूचना चोरासही मिळते, आणि तो टॅग काढून गटारात फेकू शकतो. जी गोष्ट सज्जनाचे रक्षण करते तीच चोरालाही सावध करते, याला इलाज नाही.

दुसरी जात जीपीएस यंत्राची. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह आपल्या गाडीकडे पाहत नाही. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून तो केवळ वेळ सांगत फिरतो. गाडीवरचे यंत्र निदान चार उपग्रहांचे ऐकून आपले स्थान स्वतःच मोजते. १ मे २००० पर्यंत अमेरिकेचे सरकार सामान्य जनतेसाठीच्या या संदेशात मुद्दाम खोट मिसळीत असे, त्यामुळे शंभरेक मीटरांचा फरक पडे. म्हणजे गाडी देवळासमोर असता तळीपलीकडे दिसली असती. आता उघड्या आकाशाखाली तो फरक काही मीटरांवर आला आहे. मोजलेले स्थान मालकास कळविण्यासाठी यंत्रात सिम कार्ड लागते. म्हणून या यंत्राला वाटसरूच्या खिशाची गरज नाही. गरज आहे ती मोबाइलच्या मनोऱ्याची.

असे यंत्र घेताना दुकानदारास काय विचारावे, हे आम्ही एका कागदावर लिहून नेले होते. पहिले असे की, आतले सिम कोणत्या जाळ्यावर चालते? काही स्वस्त यंत्रे अजून टू-जीवर चालतात, आणि जिओचे टू-जी जाळे मुळीच नाही. तेव्हा गाडी जेथे जेथे फिरते तेथे कोणाचा मनोरा आहे, हे आधी पाहावे. दुसरे, पहिल्या वर्षानंतर आकार किती? यंत्र स्वस्त आणि वार्षिक वर्गणी भारी, असा प्रकार बराच आढळतो. तिसरे, गाडी उभी असताना ते किती वीज पिते? लहान मोटरसायकलीची बॅटरी पुष्कळदा चार अँपिअर-तासांची असते. यंत्र सतत वीस मिलिअँपिअर घेत राहिले, तर दोनशे तासांत, म्हणजे आठ-नऊ दिवसांत, ती बॅटरी कोरडी होते, आणि गाडी सुरू होईनाशी होते ती त्याच्याही आधी. तेच यंत्र निद्रावस्थेत तीन मिलिअँपिअरवर येत असेल, तर दीड महिन्याहून अधिक काळ निघतो. पावसाळ्यात गाडी दिवसेंदिवस पडवीत उभी असते, त्यांनी हा हिशेब अवश्य करावा. चौथे, चोराने तार कापली तर आतली राखीव बॅटरी किती तास टिकते? पाचवे, पाण्याचे काय? आयपी ६७ असा शिक्का असलेले यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी जात नाही. आमच्याकडील आषाढ पाहता याहून कमी घेऊ नये.

दूरवरून इंजिन बंद करण्याची सोय असलेले एक यंत्रही दाखविण्यात आले. भाच्यास ते फार आवडले. आम्ही मात्र नको म्हटले. घाटाच्या उतारावर चालती गाडी एकाएकी बंद पडली तर वर बसलेला चोर असला तरी तो मनुष्य आहे, आणि समोरून येणारा तर चोरही नाही. चूक बोट लागून आपलाच मुलगा पडणार नाही, याची तरी हमी कोणी द्यावी?

अखेरीस आम्ही फोर-जीवर चालणारे, वायरिंग न कापता जोडता येणारे जीपीएस यंत्र घेतले, आणि उरलेल्या पैशांतून चाकाच्या चकतीला लावण्याचे एक कुलूप. कारण यंत्र चोरी थांबवीत नाही, ती झाल्यावर बोलते. चोराचा पहिला वेळ खातो तो कुलूपच. ज्यांची गाडी दिवसरात्र शहरात, माणसांच्या वर्दळीत असते, त्यांना दीड हजारांचा टॅग पुरेल. ज्यांची गाडी आडवाटेला असते, त्यांनी वर्गणी भरण्याची तयारी ठेवावी. किमतीकडे पाहण्याआधी गाडी कोठे उभी असते ते पाहावे, एवढेच या सर्व खटाटोपाचे सार.

परंतु खरी अडचण यंत्र बसविल्यावर उभी राहिली. अक्का म्हणाली, "तो नकाशा माझ्या भ्रमणध्वनीवरही दिसू दे. रात्री हा कुठे असतो ते मला कळेल." तिच्या बोलण्यात संशय नव्हता, दहा वर्षे एकटीने मुलाला वाढविलेल्या आईची ती काळजी होती. भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग आमच्याकडे वळून त्याने विचारले, "मामा, गाडी सोदपाची काय म्हाका?"

या प्रश्नाला दुकानदाराच्या माहितीपत्रकात उत्तर नव्हते. पूर्वी वाड्याचे डोळे सायकल राखीत, तसेच ते सायकलवाल्यासही राखीत. तो कोणाच्या दारी थांबला आणि किती वाजता परतला, हे सकाळी विहिरीवर सर्वांस ठाऊक असे. त्या राखणीचे कौतुक आम्ही वर केलेच आहे. तिचा जाच किती जणांनी सोसला, हेही विसरून चालणार नाही. तेवीस वर्षांचा कमावता मुलगा, गाडीचे हप्ते स्वतः भरतो. त्याच्या प्रत्येक थांब्याची टाचणी आईच्या हाती देणे आम्हास रास्त वाटले नाही. उलटपक्षी, काळजी करणाऱ्या आईला 'तुझा काय संबंध' असे म्हणणेही आमच्या घरच्या रीतीत बसणारे नव्हते.

तेव्हा असे ठरले : परवलीचा शब्द भाच्याकडेच राहील. तो त्याने एका कागदावर लिहून, पाकिटात घालून, चिकटवून आमच्याकडे द्यावा. गाडी चोरीस गेली किंवा तो स्वतः संकटात सापडला, तरच ते पाकीट उघडावयाचे. रात्री उशीर होणार असेल तर त्याने अक्काला स्वतः फोन करावयाचा. अक्काने हे ऐकून घेतले आणि "फोन मात्र करायचा हं," एवढेच म्हणाली. ती पूर्णपणे समाधानी झाली, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून फोन येतो, आणि पूर्वी तोही येत नसे.

ज्यांनी असे यंत्र घेतले आहे त्यांनी एक पथ्य पाळावे. नकाशावर गाडी दिसली म्हणून चार मित्र घेऊन ती आणावयास जाऊ नये. ठिकाण पोलिसांस दाखवावे, तक्रार नोंदवावी. १ जुलै २०२४ पासून चोरीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली येतो, पूर्वीचे कलम ३७९ आता नाही. सर्वसमावेशक विमा असल्यास कंपनीसही त्वरित कळवावे, आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवाव्यात, कारण त्या मागितल्या जातात.

आमच्या देवस्थानांच्या महाजनांसही एक विनंती. जत्रेच्या रात्री गाड्या लावण्याच्या मैदानावर दोन प्रखर दिवे आणि पाळीपाळीने फिरणारे चार तरुण ठेवले, तर त्याचा खर्च भाविकांनी घेतलेल्या शेकडो यंत्रांपेक्षा कितीतरी कमी होईल. ती राखण रस्त्यावरची असेल, कोणाच्या घरात डोकावणारी नसेल.

भाच्याने दिलेले पाकीट आमच्या कपाटात गाडीच्या दुसऱ्या किल्लीशेजारी ठेवलेले आहे. अक्का अधूनमधून कपाट उघडते, ते तेथे असल्याची खात्री करून घेते आणि कपाट पुन्हा लावते. चिकटवलेली कड अजून तशीच आहे.