शाळा सुटल्यानंतर

माझ्या पुतण्याची कन्या अमेरिकेंत ज्या हायस्कुलांत शिकते, तें 'चार्टर' हायस्कूल आहे. चार्टर म्हणजे सनद. सरकारनें एखाद्या मंडळास सनद द्यावी, मुलांच्या संख्येप्रमाणें पैसा द्यावा, आणि शाळा कशी चालवावी हें बव्हंशीं त्या मंडळावर सोंपवावें. मुलांकडून फी घ्यावयाची नाहीं, जागांपेक्षां अर्ज अधिक आले तर सोडत काढावयाची, आणि ठरल्याप्रमाणें काम झालें नाहीं तर सनद परत घ्यावयाची, अशी ती पद्धति. मिनेसोटा संस्थानानें १९९१ सालीं असा कायदा प्रथम केला व पुढल्याच वर्षीं तेथील सेंट पॉल शहरांत पहिली शाळा निघाली. पुतण्या मोठ्या कौतुकानें सांगत होता कीं, ही अगदीं नवी कल्पना आहे. मला हसूं आलें. लोकांनीं मंडळ स्थापून शाळा काढावी व सरकारनें तिला अनुदान द्यावें, ही गोष्ट आपल्याकडे वुडच्या १८५४ च्या खलित्यापासून मान्य झालेली आहे. आणि आज महाराष्ट्रांत असा तालुका विरळाच, कीं जेथें एखादी खाजगी अनुदानित शाळा नाहीं. आपल्या शाळांना सनदेची मुदत नसते, हा मात्र भेद खरा.

परंतु त्या मुलीनें स्वतः जें पत्र लिहिलें, त्यानें मला पुष्कळ दिवस विचारांत पाडलें. तिच्या शाळेंत विद्यार्थी-मंडळ आहे, नाट्यमंडळ आहे, गरिबांना अन्न वांटण्याचें काम आहे, आणि प्रत्येकानें समाजसेवा किती तास केली याची वही ठेवावी लागते. शेवटीं तिनें विचारलें होतें, "आजी, तुमच्या शाळेंत शाळा सुटल्यानंतर काय काय असे?" आमच्याकडे शाळा सुटल्यानंतर मुलें घरीं जात, आणि कोणाचें घर किती लांब आहे, यावरच बाकी सारें अवलंबून असे.

मी १९६८ सालीं लग्न होऊन नागपुराहून तिरोड्यास आलें. तेव्हां तिरोडा भंडारा जिल्ह्यांत होतें. गोंदिया जिल्हा निराळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. मुंबई-हावडा लोहमार्गावरचें हें गांव. एका अंगास वैनगंगा, दुसऱ्या अंगास नागझिऱ्याचें जंगल, आणि मध्यें जिकडे पाहावें तिकडे धानाच्या बांध्या. गांवांतील एका खाजगी मंडळाच्या शाळेंत मी मराठी शिकवूं लागलें. शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानांतून होत, इमारत व कारभार मंडळाकडे होता, आणि बाकी सर्व गांवाच्या भलेपणावर चाले. स्नेहसंमेलनास कोणी बांबू देई, कोणी ताडपत्री, आणि धानगिरणीवाले तांदूळ पाठवीत. रोवणीच्या दिवसांत वर्ग निम्मे ओस पडत, तसेच धानकापणीच्या वेळीं. म्हणून संमेलन व्हावयाचें तें मळणी आटोपल्यावर, पौषांत. दिवाळीनंतर झाडीपट्टींत गांवोगांवीं मंडई भरते व रात्रभर दंडार चालते. अशा गांवांतून आलेल्या मुलांच्या गळ्यांत सूर असे, अंगांत ठेका असे. शाळेंत मात्र पुण्याकडच्या नाटिका बसविण्याचा प्रघात होता. त्या प्रघाताविषयीं माझें मत तेव्हांही फारसें चांगलें नव्हतें. पण आज सांगावयाची गोष्ट ती नव्हे.

१९७२ च्या संमेलनाची यादी माझ्याच हस्ताक्षरांत होती. नाटक, गाणीं, टिपऱ्या यांत मिळून ज्या मुली होत्या, त्या सर्व स्टेशन आणि बाजार यांच्या आसपास राहणाऱ्या. खेड्यांतून येणाऱ्या मुलींपैकीं एकीचेंही नांव त्यांत नव्हतें. तालीम पांच ते सात अशी असे; आणि पौषांत आमच्याकडे साडेपांचलाच उन्हें उतरतात. मुंडीकोटा, काचेवानी या बाजूचे मुलगे पॅसेंजर गाडीनें येत. ते रात्रींच्या गाडीनें जात, नाहीं तर फलाटावरच झोंपत. मुली पायीं येत, आणि घंटा होतांच चौघीपांचजणी मिळून वाटेला लागत. एकीला तालमीसाठीं ठेवून घेतली तर बाकीच्यांच्या घरीं चौकशी व्हावयाची. शिक्षकांपैकीं कांहींजण म्हणत, "खेड्यांतल्या मुलींना हौसच नसते." त्यांच्यांतच नववींतली एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखें, म्हणून नाटिकेंतल्या भूमिकांच्या नकला तिच्याकडूनच उतरून घेतल्या होत्या. मधल्या सुटींत ती विहिरीच्या कठड्याजवळ उभी राहून मैत्रिणींना त्यांतली म्हातारी हुबेहुब करून दाखवी. सबंध नाटिका तिला पाठ होती. भूमिका मात्र तिला नव्हती.

पुढल्या वर्षीं मीं घरांत गोष्ट काढली कीं, संमेलनापूर्वीं आठ दिवस पांच मुलींना आपल्या वाड्यांत ठेवून घ्यावें. घरांत तेव्हां आम्ही लहानमोठीं चौदा माणसें होतों; पांच अधिक झालीं म्हणून भाताला कांहीं उणें पडणार नव्हतें. अडचण भाताची नव्हती, हें वाचकांना सांगावयास नकोच. सासूबाईंचें सोंवळें कडक होतें, आणि स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यांत होतें. मामंजींच्या कानांवर घातलें तेव्हां ते म्हणाले, "घर त्यांचें आहे. त्यांना विचारा." सासूबाई तांदूळ निवडीत बसल्या होत्या. त्यांनीं तीनच प्रश्न केले: किती जणी, किती दिवस, आणि कोणाच्या? मीं सांगितलें. दोघी पोवारांच्या, एक कुणब्यांची, एक गोंडांची, आणि ती अक्षरवाली मुलगी १९५६ च्या दीक्षेनंतर बौद्ध झालेल्या घरांतली. सासूबाई सुपांतले खडे वेंचीत राहिल्या. दिवेलागणीनंतर देवाजवळून उठतांना त्या म्हणाल्या, "पंगत एकच राहील. माझें मी आधीं उरकून घेत जाईन."

ही तडजोड होती, हें मी जाणून होतें. साताऱ्यास भाऊराव पाटलांनीं वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंगतीस बसविलीं होतीं. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें त्या वसतिगृहाचें नामकरणही झालें होतें. मामंजी तें नेहमीं अभिमानानें सांगत. पण वसतिगृह तें वसतिगृह. ज्या घरांत सोंवळ्याचें पाणी निराळें भरलें जातें, त्या घरांतल्या साठी उलटलेल्या बाईनें पंगत एक राहील असें आपण होऊन म्हणणें, याची किंमत ज्यांनीं असें घर आंतून पाहिलें आहे, त्यांनींच करावी.

परवानगी एका बाजूची मिळाली. दुसरी बाजू बाकी होती. मी रविवारीं शाळेच्या शिपाईबाईंना बरोबर घेऊन खेडींपाडीं हिंडलें. पोवारांच्या घरीं चहा झाला, दारांची, कड्यांची, शेजाराची विचारपूस झाली, आणि होकार मिळाला. कुणब्यांनीं व गोंडांनींही फार ताणलें नाहीं. बौद्ध मुलीच्या घरीं तिची आजी होती. तिनें एवढेंच विचारलें कीं, नात जेवावयास कोठें बसेल? "सर्वांच्या ओळींत," मी म्हणालें. म्हातारीनें माझ्या तोंडाकडे पाहिलें. "पाहिल्याशिवाय कसें सांगूं?" असें म्हणून तिनें विषय संपविला. त्या वर्षीं चौघी आल्या. पांचवी घंटा होतांच वाटेला लागली. नकला त्याही वर्षीं तिच्याच अक्षरांत होत्या.

चौघींनीं घर गाजवून सोडलें. माजघरांत तालीम चाले. धाकटे दीर सूत्रधार, आणि घरचीं पोरें प्रेक्षक. मात्र आमच्याच आळींतल्या एका घरानें वर्षभर आमच्याकडे हळदीकुंकवास येणें बंद केलें. सासूबाईंनीं वाण तसेंच गड्याबरोबर त्यांच्याकडे पाठवून दिलें. तें परत आलें नाहीं, आणि त्याविषयीं घरांत कोणी बोललेंही नाहीं.

१९७४ च्या पौषांत, पहिल्याच रात्रीं, ती आजी नातीला घेऊन स्वतः आली. ओट्यावर बसून राहिली, आंत या म्हटलें तरी लवकर उठेना. पानें मांडलीं तेव्हां आली व नातीच्या शेजारीं बसली. त्यापलीकडे माझा मुलगा होता. जेवण होतांच ती आपलें ताट उचलावयास लागली. एवढ्यांत माझ्या धाकट्या जाऊबाई नेहमींप्रमाणें एका टोंकापासून ताटें उचलीत आल्या. मुलाचें उचललें, नातीचें उचललें, आणि म्हातारीच्या हातांतलें घेऊन त्यावरच ठेवलें. जाऊबाईंच्या मनांत कांहीं विशेष होतें असें मुळींच नाहीं. भांडीं लवकर पडावीं एवढीच त्यांची घाई. पण म्हातारी हात तसाच धरून क्षणभर बसून राहिली. पहाटे ती निघाली तेव्हां मला म्हणाली, "आतां राहूं द्या तिला."

तिला म्हातारीचीच भूमिका दिली होती. संमेलनाच्या संध्याकाळीं लुगडें कोणालाच धड नेसवितां येईना. जुन्या बायका नेसतात तसें नेसविणारें माणूस घरांत एकच होतें. सासूबाईंनीं मुलीला पुढ्यांत उभी केली, कासोटा घातला, पदर खोंचला, डोक्यावरून घेतला, आणि चालून दाखव म्हणाल्या. मुलगी चालली. "म्हातारी गुडघ्यांतून चालते, कमरेंतून नव्हे," असें म्हणून स्वतः चालून दाखविलें. नंतर त्या विहिरीवर स्नानास गेल्या नाहींत. तशाच देवापुढें निरांजन लावावयास बसल्या. जाऊबाईंनीं माझ्याकडे पाहिलें, मीं त्यांच्याकडे.

असे सात हिंवाळे गेले. पुढें एसटीची मुलींना मोफत पासाची सोय झाली, कांहींजणींकडे सायकली आल्या, आणि वाड्यांत राहण्याचें कारण उरलें नाहीं. आतां तिरोडें फार बदललें आहे. ३,३०० मेगावॅटचें औष्णिक वीजकेंद्र आलें, त्याच्या मागोमाग परगांवचीं कुटुंबें आलीं. २०१२ सालीं स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाल्यापासून राज्यांत जिकडे तिकडे नव्या इंग्रजी शाळा निघाल्या आहेत. जुन्या अनुदानित शाळांत दरसाल पट मोजून संचमान्यता होते. मुलें घटलीं कीं शिक्षकांच्या जागा घटतात. म्हणून उन्हाळ्यांत शिक्षक घरोघर फिरून मुलें मागतात. सनदेला मुदत नाहीं असें वर म्हटलें, पण ही मोजणीही एक मुदतच होय. संमेलनांत आतां ध्वनिमुद्रित गाणीं लागतात, नाच बसविण्यास बाहेरून माणूस येतो. त्याविषयीं नाकें मुरडणारे पुष्कळ आहेत. मला त्या गाण्यांचा तितका राग नाहीं. मी यादी पाहतें.

गेल्या पौषांत मीं ती मागून घेतली. मुलींच्या नांवांपुढें कंसांत गांवें घातलीं होतीं, आणि निम्म्याहून अधिक गांवें बाहेरचीं होतीं. खालीं विद्यार्थी-मंडळाच्या चिटणीस मुलीची सही, आणि तालमीची वेळ: सकाळीं आठ ते दहा. मीं तिला विचारलें, सकाळची वेळ कोणीं सुचविली? ती म्हणाली, "कोणीं सुचवावयाची कशाला, बाई? संध्याकाळीं लवकर अंधार पडतो ना?"