भुलेश्वर ते परळ : चिंगीच्या घराच्या शोधात

मुंबईला दोन दिवस जायचं म्हटलं की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. सिद्धिविनायक, महालक्ष्मी, मुलांसाठी राणीची बाग आणि दादरला साड्यांची खरेदी. या वेळी, मैत्रिणींनो, मी तुम्हाला जरा निराळ्या मुंबईत नेणार आहे. भुलेश्वरच्या गल्लीतून परळपर्यंत. एवढ्या गर्दीच्या शहरात मुक्या जनावरांसाठी किती जुन्या काळापासून जागा राखलेली आहे, ते या वाटेवर दिसतं.

मी गेले ती मात्र एका कामासाठी. आमच्या साताऱ्यात गावाबाहेर जखमी, बेवारस कुत्र्यांसाठी एक छोटा निवारा आहे. शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा मी तिथे हातभार लावायला जाते. तिथली चिंगी तांबूस रंगाची, तीनेक वर्षांची, स्वभावाने अगदी गरीब. पण तिला अपस्मार आहे. आपण फेफरं किंवा फीट म्हणतो ना, तेच. दर बारा तासांनी फेनोबार्बिटोनची गोळी, आणि तीही बहुतेक जन्मभर. निवाऱ्यात कुत्री साठ आणि माणसं दोन. संध्याकाळची गोळी कधी वेळेवर मिळते, कधी नाही. गोळी चुकली की फीट येते आणि ती तडफडू लागली की बाकीची कुत्री बिथरून तिच्यावरच धावून जातात. तिचा डावा कान असाच फाटला. तिला घर मिळालं नाही, तर एक दिवस नुसत्या कानावर भागायचं नाही, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

ठाण्याच्या एका जोडप्याने तिचा फोटो पाहून होकार कळवला होता. म्हणून शनिवारी एसटीने दादर गाठलं आणि लालबागला वन्संकडे उतरले. ठाणेकर मंडळी रविवारी संध्याकाळी भेटणार होती. मधला वेळ मोकळा होता.

सकाळीच भुलेश्वरला गेले. फुलांचे हार, तांब्या-पितळेची दुकानं आणि देवळांच्या घंटा यांच्यामधून वाट काढत गेलं की पांजरापोळ लागते. आत गायी, आणि त्यांना चारा घालायला आलेली भाविक माणसं. पण या जागेच्या जन्माशी कुत्र्यांचा संबंध आहे, हे कितीजणींना माहीत असेल? १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारण्याची मुदत वाढवली. मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस मिळे. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. मृताच्या अंत्यविधीतसुद्धा कुत्र्याला स्थान आहे. पारशी रस्त्यावर उतरले, जैन आणि हिंदूही त्यांना मिळाले. दंगल झाली, बाजार बंद पडले, लष्कर बोलवावं लागलं. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने ही पांजरापोळ उभी राहिली. बेवारस जनावरांना मारण्याऐवजी सांभाळावं, हा तिच्यामागचा विचार.

तिथून परळला आले. केईएम, टाटा, वाडिया ही नावं आपल्याला घरच्या आजारपणांतून ठाऊक असतात. गावाकडून फायली घेऊन आलेली माणसं तिथल्या पदपथांवर बसलेली असतात. त्याच भागात बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवलं जाऊ नये म्हणून मुंबईत १८७४ मध्ये संस्था निघाली, आणि १८८० च्या दशकात गिरणीमालक दिनशा पेटिट यांच्या देणगीतून हे रुग्णालय. साकरबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. शेजारी १८८६ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. माणसांच्या रुग्णालयाबाहेर असते तशीच इथेही रांग. कुणाच्या कापडी पिशवीतून मांजराचं डोकं बाहेर आलेलं, कुणी म्हाताऱ्या कुत्र्याला चादरीत गुंडाळून आणलेलं. एक शाळकरी मुलगा पुठ्ठ्याच्या खोक्यात कबुतर घेऊन बसला होता.

तेवढ्यात ठाण्याहून फोन आला. फीटचं सविस्तर ऐकल्यावर त्या बाईंचा आवाज बदलला. "आमच्याकडे लहान मूल आहे हो, नाही जमायचं." वाईट वाटलं, पण राग नाही आला. आणून मग आठ दिवसांनी परत पाठवण्यापेक्षा आधीच नाही म्हटलेलं बरं. म्हणूनच तर सगळं आधी सांगायचं.

माझं बोलणं शेजारच्या बाकावरच्या आजींनी ऐकलं होतं. शिवडीच्या. नऊवारी नेसलेल्या, मांडीवर रिकामा पट्टा. त्यांचा चौदा वर्षांचा कुत्रा महिन्यापूर्वी गेला होता. त्याची उरलेली औषधं कुणा गरजूला द्यावीत म्हणून त्या आल्या होत्या. त्यांनी मला एकच विचारलं, "गोळी किती वाजता असते?"

"आठ आणि आठ."

"माझं इन्सुलिनपण त्याच वेळेला असतं, बाई. मला विसरून चालत नाही, तर तिची कशी विसरेन?"

रांगेत बसून मला एक गोष्ट कळली, ती तुम्हालाही सांगावीशी वाटते. आजारी प्राण्यासाठी घर शोधायचं, तर गोजिरवाण्या पिल्लाच्या शोधात असलेल्यांकडे जाऊन फारसा उपयोग नाही. ज्यांनी कधी म्हाताऱ्या, दुखणाईत प्राण्याची सेवा केली आहे, त्यांच्याकडे जावं. त्यांना औषधाच्या वेळा, घाण पुसणं, रात्रीची जागरणं यांचं भय नसतं. आणि अशी माणसं प्राण्यांच्या डॉक्टरांच्या दारातच भेटतात.

तरी आजींना मी लगेच होकार दिला नाही. आधी सगळी माहिती पुढे ठेवली. तुमच्यापैकी कुणी असं काही मनावर घेतलं, तर उपयोगी पडेल म्हणून इथेही देते.

गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही एकदम बंद करायची नाही. त्याने झटके जोरात उलटतात. सुरुवातीला कुत्रं थोडं सुस्त होतं, चालताना डुलतं. भूक, तहान आणि लघवी वाढते. यकृताची आणि रक्तातल्या औषधाच्या प्रमाणाची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी. फीट आली की आपल्याकडे कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. त्यातलं काही करू नये. तोंडात हात, चमचा, पाणी, काहीही घालू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर सारून, दिवा मंद करून घड्याळ पाहावं. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, किंवा एका दिवसात पुन्हा पुन्हा आला, तर तडक दवाखाना. स्वयंपाकघरातले कांदा-लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे. घरातली तापाची नाहीतर दुखण्याची गोळी तर मनाने कधीच देऊ नये.

सोसायटीचा प्रश्न येतोच. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. पण महापालिकेचा परवाना, रेबीजची लस आणि जिन्याची स्वच्छता आपण सांभाळायची. जाता जाता सांगते, ज्या १९६० च्या कायद्याखाली हे मंडळ आलं, त्यासाठी राज्यसभेत आग्रह धरला तो एका बाईने. भरतनाट्यमच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षाही त्याच.

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मी अडचणीचा प्रश्न विचारला, "आणि तुमच्यामागे तिचं कोण बघेल?" त्या रागावल्या नाहीत. शेजारच्या खोलीतल्या भाच्याला फोन लावून माझ्याच हातात दिला. "बोला त्याच्याशी, त्याच्या तोंडूनच ऐका." तो म्हणाला, "मावशीचं इन्सुलिन मीच आणतो. गोळ्याही आणीन." तेव्हा कुठे, पंधरा दिवस सांभाळून बघायचं, असं ठरलं. जमलं नाही तर परत न्यायची जबाबदारी आमची.

पुढच्या रविवारी चिंगीला गाडी करून शिवडीला पोचवली. सोबत तिची जुनी चादर, महिनाभराच्या गोळ्या आणि तारखा लिहिलेली एक वही दिली. पंधरा दिवसांचे आता चार महिने झालेत. फीट बंद झालेली नाही. या काळात दोनदा आली. वहीत दोन्ही वेळा आजींनी थरथरत्या अक्षरात लिहिलंय : "दीड मिनिट. मी जवळ होते."