पाव फेरा

धाडच्या एका घराचा उंबरठा ओलांडताना मला आजही माझेच एक वाक्य बोचते. त्या घरचा मुलगा बुलढाणा रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला. नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले, मातीने माखले. नडगीच्या पुढच्या बाजूस मांसाचे आवरण जवळजवळ नसतेच. म्हणून अशी जखम लवकर चिघळते. आईने विचारले, “फादर, पाय ठेवावा की काढावा?” मी खर्च आणि काळ मोजला व म्हणालो, “बाई, काढलेलाच बरा.”

तिने माझे ऐकले नाही. शल्यचिकित्सकांनी जखम धुतली, मेलेले मांस व हाड काढले, पोटरीचा स्नायू वळवून जखम झाकली. तरी हाडात सहा सेंटिमीटरची पोकळी उरली. मग पायाभोवती पोलादी कडी आणि तारा आल्या. पश्चिम सायबेरियातील कुर्गान येथे १९५० च्या दशकात डॉ. गाव्रिल इलिझारोव यांनी ही पद्धत विकसित केली. आपल्या अकोल्यातही डॉ. मिलिंद चौधरी यांनी तिचे केंद्र उभारले आहे. निरोगी हाड एका ठिकाणी छेदून तो तुकडा पोकळीकडे रोज एक मिलिमीटर सरकवतात. मागच्या फटीत नवे हाड धरते. तेही एकदम नव्हे, दर सहा तासांनी पाव फेरा. घाई केली तर हाड धरत नाही. आळस केला तर फट अकाली सांधते.

साठ दिवस ती माउली हातात पाना घेऊन ते फेरे देत होती. त्यानंतर नवे हाड पक्के होण्यास कित्येक महिने लागले.

१५२१ च्या मे महिन्यात पांप्लोना येथे तोफगोळ्याने संत इग्नेशियस लोयोला यांचा पाय मोडला. हाड पुन्हा मोडून बसवले, वर आलेले टोक करवतीने कापले. त्या रुग्णशय्येवरील परिवर्तनाविषयी मी अनेकदा प्रवचन केले. पण ती शय्या कित्येक महिन्यांची होती, हे मी कधी मनावर घेतले नव्हते.

काही पाय खरोखरच काढावे लागतात; तो निर्णय वैद्यांचा. मी मात्र पाय न पाहता पैसा पाहून निकाल दिला होता.

तो मुलगा आता मिस्साला येतो. गुडघे टेकताना त्याला थोडा वेळ लागतो. तो टेकेपर्यंत मी पुढची प्रार्थना सुरू करीत नाही.