खरकट्याचे कपाट

माणसाला एखादा तरी छंद असावा, असे थोरामोठ्यांनी सांगून ठेवले आहे. पण तो कोणता असावा, याबद्दल मात्र त्यांनी चकार शब्द काढलेला नाही. पोस्टाची तिकिटे जमवणारा माणूस चार लोकांत प्रतिष्ठेने वावरतो. जुनी नाणी जमवणाऱ्याकडे लोक इतिहाससंशोधक म्हणूनच पाहतात. आमच्या पुण्यात तर दिनकर केळकरांनी दिवे नि अडकित्ते जमवता जमवता अख्खे संग्रहालय उभे केले. माझ्या छंदाला मात्र अजून कोणी छंद म्हणायलाही तयार नाही. अमेरिकेतल्या फास्ट फूडच्या दुकानांत मुलांच्या जेवणाबरोबर सिनेमातल्या पात्रांची जी खेळणी देतात, ती मी जमवतो. आणि नुसती खेळणी नव्हेत. ते जेवण ज्यातून मिळते ती चित्रांची खोकी, कागदी पिशव्या आणि पेलेसुद्धा!

हे ऐकल्यावर समोरचे गृहस्थ चहाचा कप खाली ठेवतात.

"रिकामी खोकी?"

"रिकामीच."

"म्हणजे... खाऊन झाल्यावरची?"

"अर्थात!"

यावर ते एकदा माझ्याकडे आणि एकदा आमच्या सौभाग्यवतीकडे पाहतात. माझ्याकडे पाहताना त्यांच्या नजरेत कुतूहल असते. तिच्याकडे पाहताना नुसती सहानुभूती!

पण वाचकहो, या प्रकाराला इतिहास आहे, आणि तोही लहानसहान नव्हे. मक्याच्या लाह्या, शेंगदाणे आणि काकवी यांचा 'क्रॅकर जॅक' नावाचा एक खाऊ अमेरिकेत फार लोकप्रिय. १९१२ सालापासून त्याच्या प्रत्येक पुड्यात एकेक चिमुकली भेटवस्तू घालू लागले. मुले पुडा लाह्यांसाठी मागतात की भेटीसाठी, हा प्रश्न तेव्हापासून तिथल्या आयांना पडलेला आहे. पुढे फास्ट फूडवाल्यांनी ही युक्ती उचलली आणि तिला सिनेमाची जोड दिली. १९७७ साली 'स्टार वॉर्स' आला, तेव्हा 'बर्गर किंग'ने त्यातल्या पात्रांची रंगीत चित्रे असलेले चार काचेचे पेले काढले. १९८० आणि १९८३ साली त्या कथेचे पुढचे दोन चित्रपट आले, त्यांचेही चार-चार. अशा बारा पेल्यांचा संच ज्याच्या घरी रंग न उडता शाबूत आहे, तो आमच्या पंथातला सरदार समजावा. रंग न उडता हे महत्त्वाचे. कारण हे पेले भांडी धुण्याच्या यंत्रात घातले, की चार-दोन वर्षांत त्यावरचे वीरपुरुष फिके पडू लागतात.

१९७९ साली 'मॅकडोनल्ड'ने मुलांसाठी 'हॅपी मील' काढले. एका खोक्यात बर्गर, बटाट्याच्या काचऱ्या, पेय आणि खेळणे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'स्टार ट्रेक'चा पहिला चित्रपट झळकला आणि त्याच्या नावाने खोकी निघाली. खोक्यावर चित्रकथा छापलेली आणि आत अंगठी, मनगटातले कडे अशी काहीबाही गंमत. सिनेमाच्या नावाने निघालेले हे पहिले हॅपी मील. माझ्या संग्रहात त्यातले एक खोके आहे. त्याचे एक कान फाटलेले आहे, पण घराण्याला बट्टा लागलेला नाही.

मी या नादात सापडलो तो १९९४ साली. नोकरीच्या निमित्ताने आम्ही ओहायोतल्या एका लहान गावी गेलो होतो. आमचे बिऱ्हाड म्हणजे मी, ही आणि चार वर्षांची आमची मुलगी. त्या उन्हाळ्यात 'द लायन किंग' लागला होता आणि 'बर्गर किंग'मध्ये त्यातली सात खेळणी मिळत होती. मुलीने हट्ट धरला. आता आमच्या घरी मांस वर्ज्य. मी खिडकीपाशी जाऊन म्हणालो, "एक बर्गर द्या, पण त्यातली मांसाची चकती वगळून." ती मुलगी म्हणाली, "मग राहिलं काय?" मी म्हणालो, "सिंह!"

दोन महिन्यांत मुलीचा हट्ट संपला आणि माझा सुरू झाला. ती सिंहाला सोडून बाहुल्यांकडे वळली. मी मात्र सातवे खेळणे मिळेपर्यंत दर शनिवारी पावात कोबीची पाने घातलेले ते अद्भुत खाद्य खात राहिलो.

या धंद्याची मेख त्या 'सातव्या'तच आहे. सातही खेळणी एकदम देत नाहीत. आठवड्याला नवे येते, जुने संपते. अपुरा संच माणसाला झोपू देत नाही. १९९६ साली '१०१ डाल्मेशियन्स' आला, तेव्हा 'मॅकडोनल्ड'ने एकशे एक वेगवेगळी कुत्री काढली! १०१ हा आकडा आपण आहेराच्या पाकिटापुरता शुभ मानतो. पण प्रत्येक कुत्र्यामागे एक बर्गर असा हिशेब मांडून पाहा, म्हणजे शुभाशुभाचा उलगडा होईल. १९९९ साली 'इन्स्पेक्टर गॅजेट'च्या वेळी तर कमालच झाली. खेळणी आठ, आणि प्रत्येक खेळणे म्हणजे त्या इन्स्पेक्टरच्या शरीराचा एकेक भाग. आठही मिळाली तर पुरा माणूस उभा राहणार! माझा इन्स्पेक्टर आजही एका पायावर उभा आहे. डिस्ने कंपनी आणि 'मॅकडोनल्ड' यांचा १९९७ पासून दहा वर्षांचा करारच झाला होता. म्हणजे चित्रपट तिकडे लागायचा अवकाश, की खेळणी इकडे हजर.

आणि एवढे करून त्या खेळण्यांना किंमत किती? जवळजवळ नाहीच. ती निघतात कोट्यवधी. आणि लोक ती जपून ठेवतात. तिथे घराच्या दारात जुन्या वस्तू मांडून विकायची पद्धत आहे, 'गॅरेज सेल' म्हणतात त्याला. तिथे एका डॉलरला ओंजळभर खेळणी मी घेतलेली आहेत. पण त्याच खेळण्याचे खोके मागा पाहू! घरमालकीण हसते आणि म्हणते, "ते तर त्याच दिवशी फेकलं." खोके टिकत नाही, कारण ते फेकण्यासाठीच केलेले असते. ज्या वस्तूवर तेलाचा हात पुसून लोक ती टोपलीत टाकतात, तीच पुढे दुर्मिळ होते. तेव्हापासून मी खेळण्यांपेक्षा खोक्यांच्या मागे लागलो.

खोके सांभाळणे हे मात्र लोणचे मुरवण्याइतके सोपे नाही. घड्या सोडवून ते सपाट करायचे, मधे आम्ल नसलेला कागद घालायचा, उजेडापासून आणि कसरीपासून जपायचे. एक तेलाचा डाग पडला, की किंमत निम्मी. मऊ प्लॅस्टिकची खेळणी वेगळी ठेवायची; कारण ते मऊ करण्यासाठी घातलेले द्रव्य वर्षांनुवर्षे पाझरत राहते, खेळण्याला चिकट घाम फुटतो आणि तो शेजारच्या कागदाला लागतो. हे सारे मी पहिल्यांदा कपाटात लावले, तेव्हा ही कमरेला पदर खोचून दारात उभी होती.

"अहो, खरकटं कोणी कपाटात ठेवतं का?"

"अगं, पुसून घेतलंय."

"पुसलं म्हणून उष्ट्याचं सोवळं होत नाही!"

त्या दिवसापासून आमच्या घरी त्याचे नाव 'खरकट्याचे कपाट' पडले.

या कपाटात एक खण मी मुद्दाम अर्धा मोकळा ठेवला आहे. येणारे-जाणारे विचारतात, म्हणून त्याची हकिकत सांगतो. १९९९ च्या नोव्हेंबरात 'पोकेमॉन'चा पहिला चित्रपट अमेरिकेत लागला आणि 'बर्गर किंग'ने त्याची सत्तावन्न खेळणी काढली. प्रत्येक खेळणे एका प्लॅस्टिकच्या चेंडूत ठेवलेले. चेंडू मधोमध उघडे आणि त्याच्या दोन वाट्या होत. दुकानांपुढे रांगा लागल्या. मीही रांगेत होतो. नाताळापर्यंत माझ्याजवळ एकतीस जमली होती.

मग बातमी आली. कॅलिफोर्नियात तेरा महिन्यांच्या एका मुलीचा त्या चेंडूच्या अर्ध्या वाटीने श्वास कोंडून मृत्यू झाला होता. वाटी नाकातोंडावर नेमकी बसे आणि आत हवा शिरत नसे. २७ डिसेंबरला अडीच कोटींहून अधिक चेंडू परत मागवण्यात आले. चेंडू फेकून द्या, किंवा दुकानात आणून द्या आणि त्याबदली बटाट्याच्या काचऱ्यांचा एक लहान पुडा घेऊन जा, असे आईबापांना सांगण्यात आले.

आमचा धाकटा तेव्हा वर्षाचा होता. हाताला लागेल ते तोंडाशी नेण्याचे वय. त्या रात्री एका संग्राहक मित्राचा फोन आला. तो म्हणाला, "एकही देऊ नकोस! आता लोक चेंडू टाकून देणार. दहा वर्षांनी ज्याच्याकडे असतील तो राजा!" त्याचे शास्त्र बिनचूक होते, फेकलेल्या वस्तूचा भाव चढतो, हे मीच त्याला शिकवले होते. फोन ठेवून मी वळलो. ही मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. ती काही बोलली नाही. खरकट्यावरून जिने मला पाच वर्षे टोमणे मारले, ती त्या रात्री एक अक्षर बोलली नाही.

मी एकतीसच्या एकतीस चेंडू गॅरेजमध्ये नेले आणि हातोडीने फोडले. नुसते टोपलीत टाकले असते तर दुसऱ्या कोणा पोराने उचलले असते. काचऱ्या आणायला आम्ही गेलो नाही. आतली खेळणी राहिली आहेत. त्यांची जागा अर्धी मोकळी आहे, आणि ती भरायची नाही असे ठरलेले आहे. पुढे २०१० साली 'श्रेक' चित्रपटाचे सुमारे एक कोटी वीस लाख पेले, रंगात कॅडमियम सापडले म्हणून, तिकडे परत मागवले गेले. भाचा चारही पेले आणून देत होता. मी नको म्हणालो. ज्या पेल्यातून घरातल्या पोराला दूध देता येत नाही, तो आमच्या कपाटात बसत नाही.

२००४ साली आम्ही पुण्याला परतलो. 'मॅकडोनल्ड' १९९६ सालीच दिल्ली-मुंबईत येऊन पोहोचले होते, त्यामुळे इथल्या मुलांना मी काही अपूर्वाईचे दाखवू शकलो नाही. उलट आता सगळीकडेच वारे फिरले आहे. 'बर्गर किंग'ने २०१९ साली ब्रिटनमध्ये प्लॅस्टिकची खेळणी देणे बंद केले. 'मॅकडोनल्ड'ने २०२१ साली जाहीर केले, की २०२५ अखेरपर्यंत जगभरच्या आपल्या खेळण्यांतले प्लॅस्टिक पुष्कळच कमी करायचे. 'क्रॅकर जॅक'च्या पुड्यात तर २०१६ पासून खेळण्याऐवजी फोनने वाचायच्या खुणेचा कागद निघतो. समुद्रातले मासे आणि गावाबाहेरचे कचऱ्याचे डोंगर पाहता हे योग्यच झाले, असे मी संग्राहक असूनही म्हणतो. आमच्या पंथाला नवे शिष्य मिळायचे नाहीत, एवढेच.

आमच्या रद्दीवाल्याचे या संग्रहाबद्दलचे मत मात्र पहिल्यापासून स्पष्ट आहे. एकदा घराला रंग द्यायचा म्हणून खोक्यांचे गठ्ठे गॅलरीत ठेवले होते. त्याने न विचारताच एक काट्याला लावला आणि म्हणाला, "साहेब, सव्वातीन किलो. पण पुठ्ठ्याचा भाव रद्दीहून कमी पडतो." इतके निःपक्षपाती मूल्यमापन आजवर कोणी केलेले नाही.

गेल्या वर्षी मिशिगनच्या एका संग्राहकाचे पत्र आले. त्याला 'लायन किंग'च्या वेळची कागदी पिशवी हवी होती, आणि तो किंमतही बरी देत होता. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, म्हणाला. मी पिशवी काढली, उलटी केली आणि थांबलो. मागच्या बाजूला हिच्या अक्षरात यादी होती : 'तूरडाळ, तांदूळ, मोहरी, हिंग (मिळाल्यास), पोस्टाची तिकिटे ६.' अमेरिकेत गेल्यावरची ती आमची पहिली यादी असावी. तेव्हा घरात कागदसुद्धा आलेला नव्हता.

फोटो पाठवले. उत्तर तत्परतेने आले : 'वाईट वाटते, पण लिहिलेल्या पिशवीला बाजारात किंमत नसते.'

मी ते हिला वाचून दाखवले. तिने हात पुसले, चष्मा लावला, पिशवी हातात घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हिंग नव्हता मिळाला त्या दिवशी," ती म्हणाली. "आणि सहाची सहा पत्रं मी आईलाच लिहिली होती."

मग तिने स्वतः आम्ल नसलेला कागद मागून घेतला, पिशवी त्यात घातली आणि वरच्या खणात, माझ्याही हाताला सहज लागणार नाही अशा जागी, ठेवून दिली. कपाटाचे नाव अजून तेच आहे. किल्ली तेवढी आता हिच्या कमरेला असते.