पिवळ्या भिंतीपासून शिवाजी चौकापर्यंत

डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात शिरताना डोक्यावरून एक गाडी जाते. रुळावरून नव्हे, रुळाला खालून लटकून. एच-बान म्हणतात तिला, 1984 पासून चालते आहे. एप्रिल 2024 च्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याखाली दोन बॅगा घेऊन उभा होतो. एका बॅगेत पुस्तकं, दुसरीत आईने कोंबलेला कांदा-लसूण मसाला. एका सत्रासाठी, म्हणजे ऑगस्टपर्यंत, हे माझं गाव होतं. जूनमध्ये वेस्ट इंडिज-अमेरिकेत टी-ट्वेंटी विश्वचषक होता आणि त्याच जूनमध्ये जर्मनीत फुटबॉलची युरो स्पर्धा. एकाच महिन्यात दोन्ही बघायला मिळणार म्हणून निघण्याआधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या.

कोल्हापुरात घरी सामना एकट्याने बघितल्याचं मला आठवत नाही. बाबा खुर्चीत, धाकटा भाऊ जमिनीवर, आई स्वयंपाकघराच्या दारात. विकेट पडताना जो जिथे बसलेला असेल त्याने तिथून हलायचं नाही, हा घरचा नियम. वसतिगृहातल्या बारा चौरस मीटरच्या खोलीत हे कसं आणायचं? लॅपटॉपवर महिन्याची वर्गणी भरून चित्र मिळालं, पण आवाज परका वाटायचा. मग भावाने तोडगा काढला. त्याने फोन टीव्हीसमोरच्या टेबलावर उभा करून ठेवायचा आणि कॉल सुरू ठेवायचा. मी लॅपटॉपचा आवाज बंद करून घरचा आवाज ऐकायचो. अडचण एकच होती. घरचा टीव्ही माझ्या लॅपटॉपच्या चाळीसेक सेकंद पुढे असायचा. बाबा ओरडायचे, ‘अरे काय मारलाय!’ आणि माझ्यासमोर गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला परतत असायचा. घड्याळातला साडेतीन तासांचा फरक आठवड्याभरात अंगवळणी पडला. या चाळीस सेकंदांचा शेवटपर्यंत पडला नाही.

तिथला खेळ मात्र सगळ्यांच्या मध्ये उभं राहून बघता आला. माझ्या मजल्यावरच्या एका जर्मन मुलाच्या काकांकडे डॉर्टमुंडच्या फुटबॉल क्लबच्या मैदानातल्या दक्षिण स्टँडचं वर्षाचं तिकीट होतं. 4 मे रोजी त्यांना जमणार नव्हतं. ‘उभा राहशील ना नव्वद मिनिटं?’ एवढंच त्यांनी विचारायला सांगितलं. शनिवार, दुपारी साडेतीन, समोर आउग्सबुर्ग. एस-1 ने मुख्य स्टेशन, तिथून यू-45. डब्यात शिरायला जागा नव्हती आणि प्रत्येकाच्या गळ्यात काळा-पिवळा मफलर, मे महिन्यातल्या उन्हातही. माझ्यासमोर एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. दोघांच्याही मफलरची कड सारखीच उसवलेली.

वेस्टफालेनस्टाडियोन 1974 च्या विश्वचषकासाठी बांधलं गेलं. लीगच्या सामन्याला तिथे 81,365 माणसं मावतात आणि त्यातली जवळपास पंचवीस हजार एकट्या दक्षिण स्टँडमध्ये, सगळी उभी. तिला ‘पिवळी भिंत’ म्हणतात. बाहेरून बघणाऱ्याला ती भिंत वाटते. आत उभं राहिल्यावर तसं काही वाटत नाही, कारण दर दोन पायऱ्यांवर कोणीतरी कोणाला तरी ओळखत असतं. काकांच्या जागेवर मला बघून शेजारच्या बाईंनी आधी काकांच्या गुडघ्याची चौकशी केली, मग माझी. वीस वर्षं त्या इथेच, याच कठड्याला हात लावून उभ्या राहत होत्या.

आदल्याच दिवशी माजी कप्तान मार्को रॉइसने हंगामाच्या शेवटी क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं होतं. तो याच शहरात जन्मलेला आणि सलग बारा वर्षं याच क्लबकडून खेळलेला. त्या दिवशी त्याने गोल केला तेव्हा मागून बीअरचे ग्लास हवेत उडाले आणि सगळी बीअर माझ्या मानेवर आली. शेजारच्या बाई रडत होत्या. सामना 5-1 असा जिंकला, पण त्यांचं लक्ष आकड्यांकडे नव्हतं. मीही त्यांच्याबरोबर त्याचं नाव ओरडत होतो, घसा बसेपर्यंत. मला कोणी शिकवलं नव्हतं आणि कोणी थांबवलंही नाही.

कोल्हापूरच्या माणसाला हे परकं वाटूच शकत नाही. आमच्याकडे फुटबॉल तालमींचा आहे. जिथे लाल मातीत कुस्ती घुमली त्याच तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा. माणूस कोणत्या संघाचा हे तो कोणत्या पेठेत जन्मला त्यावर ठरतं, आवडीनिवडीवर नाही. मी मंगळवार पेठेतला, म्हणजे पाटाकडीलचा. उन्हात तापलेल्या पायऱ्यांवर बाबांचा रुमाल अंथरून मी पहिला सामना बघितला तेव्हा पहिलीत होतो. डॉर्टमुंडच्या त्या बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘आणि तुमचे शाल्के कोण?’ तीसेक किलोमीटरवरच्या गेल्सेनकिर्शनचा शाल्के हा त्यांचा हाडवैरी. मी शिवाजी पेठ म्हटलं. अंतर विचारलं तर म्हणालो, चालत दहा-पंधरा मिनिटं. त्यांनी मान डोलावली, त्यांना सगळं समजलं होतं.

कोळसा आणि पोलाद हेच डॉर्टमुंडचं पोट होतं. खाणी बंद झाल्या, भट्ट्या विझल्या, पण शनिवारी साडेतीनला जाण्याची जागा उरली. जर्मनीत क्लबच्या मतांचा मोठा हिस्सा सभासदांच्या हाती राहावा असा लीगचा नियम आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत लीग बाहेरच्या गुंतवणूकदाराला वाटा देऊ पाहत होती, तेव्हा प्रेक्षकांनी देशभर मैदानांवर टेनिसचे चेंडू फेकून सामने थांबवले आणि लीगला बोलणी सोडून द्यावी लागली. आपल्याकडच्या तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकाला एवढं वजन कधीतरी यावं, असं मला अजूनही मनापासून वाटतं.

29 जूनचा शनिवार मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. बार्बाडोसला भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना आमच्या घड्याळात साडेचारला सुरू झाला. रात्री नऊला डॉर्टमुंडच्याच मैदानात जर्मनी-डेन्मार्क. दोन्ही सामने मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात बघायचे ठरले. माझ्यासाठी म्हणून सगळे लवकर आले. तो जर्मन मुलगा आणि दुपारपासून लाल-पांढरा चेहरा रंगवून बसलेली एक डॅनिश मुलगी. 3 बाद 34 वरून कोहलीच्या 76 आणि अक्षर पटेलच्या 47 धावांनी भारत 176 पर्यंत गेला. मग क्लासेन सुटला. तीस चेंडूंत तीस धावा हव्या होत्या आणि फोनमधून घरचा आवाज यायचाच बंद झाला. फक्त पंख्याची घरघर. आईने मध्येच विचारलं, ‘जेवलास का रे?’ आणि बाबांनी तिला गप्प केलं.

हार्दिकने क्लासेनला काढलं, बुमराह आणि अर्शदीपने धावा आवळल्या. शेवटच्या षटकात सोळा हव्या होत्या. माझ्या लॅपटॉपवर एकोणिसावं षटक अजून संपत होतं तेव्हा फोनमधून बाबांचा आवाज आला, ‘गेला... गेला...’ आणि लगेच भावाची किंकाळी, ‘धरला! दादा, सूर्याने धरला!’ मला कळलं होतं, पण दिसलं नव्हतं. समोर बसलेल्या दोघांना काहीच माहीत नव्हतं. मी श्वास रोखून बघत राहिलो. मिलरने पहिलाच चेंडू उंच टोलवला. सूर्यकुमारने सीमारेषेला चिकटून तो पकडला, तोल जाताना वर उडवला, स्वतः दोरीबाहेर गेला, परत आत आला आणि झेल पुरा केला. डॅनिश मुलीने माझा दंड धरला होता. ‘तो बाहेर जाऊन आला तरी चालतं?’ तिने विचारलं. चालतं, म्हणालो. मला पुढे बोलता येत नव्हतं.

भारत सात धावांनी जिंकला तेव्हा आमच्याकडे अजून उजेड होता. कोल्हापुरात मध्यरात्र होत आली होती. भाऊ फोन घेऊन तसाच शिवाजी चौकात पळाला. पडद्यावर भगव्या-तिरंग्याची सरमिसळ, फटाक्यांचा धूर आणि कोणाचे तरी मोठमोठे दात. जर्मन मुलाने विचारलं, ‘हे तुझं गाव?’ हो म्हटल्यावर त्याने फ्रिजमधून बाटल्या काढल्या.

नऊला त्यांचा सामना सुरू झाला. पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास खिडकीबाहेर आभाळ फाटलं. मैदान आमच्यापासून काही किलोमीटरच दूर. गडगडाट आधी खिडकीतून यायचा आणि मग काही वेळाने टीव्हीतून. पंचांनी खेळ थांबवला. छपरावरून कोसळणाऱ्या धारांखाली डॅनिश प्रेक्षक नाचत होते. वीस-पंचवीस मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला आणि हावर्ट्झच्या पेनल्टीने व मुसियालाच्या गोलने जर्मनी 2-0 जिंकली. डॅनिश मुलगी तोंड धुऊन आली. आम्ही कोणी काही बोललो नाही. मी मुगाची खिचडी गरम केली आणि तिच्या ताटात तूप जरा जास्त घातलं.

परतायच्या आदल्या आठवड्यात, 1 ऑगस्टला सकाळी, पॅरिस ऑलिंपिकमधली पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सची अंतिम फेरी होती. स्वप्निल कुसाळे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. कोणी न बोलावता ते दोघेही स्वयंपाकघरात हजर. घरचा कॉल सुरू होता आणि बाबा या वेळी मुद्दाम गप्प बसले होते, आम्हाला आधी कळू नये म्हणून. सुरुवातीला मागे असलेला स्वप्निल उभ्याने मारायच्या फेरीत एकेक पायरी वर चढला आणि 451.4 गुणांवर कांस्यपदक घेऊन थांबला. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं होतं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक पदक. जर्मन मुलाने फोनवर नकाशा उघडला आणि कांबळवाडी कुठे ते दाखव म्हणाला. मी कोल्हापूरवरून बोट सरकवत राधानगरीच्या वाटेला लागलो. गाव सापडलं तेव्हा घरी पेढे आले होते.