आधी कोपरे सांगा

पुणेरी पलटणचा सामना असला की आमच्या निमगाव केतकीत कुणालाही विचारा, चढाईपटूंची नावं घडाघडा सांगेल. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते. पकडीचे चार कोण, असं विचारलं की तोच माणूस अडखळतो. मला गोडी आहे ती या चौघांची. वर्षानुवर्षं गावातल्या पोरांचा संघ मैदानात उतरवता उतरवता ही खोड लागली. सामना जत्रेतल्या ६५ किलो गटाचा असो नाहीतर टीव्हीवरचा, नाणेफेकीच्या आधी समोरच्याची पकडीची फळी ओळखायची.

बहुतेकांचा अंदाज फसतो, कारण ते आकडे बघतात. ज्यांच्या नावावर पकडी जास्त, ते चार जण कागदावर मांडतात. पण प्रशिक्षक चार माणसं निवडत नाही, दोन जोड्या निवडतो. डावीकडून उभं राहायचं तर आधी कोपरा, मग इन, मग कव्हर, मधोमध सेंटर आणि तिथून उजवीकडे पुन्हा कव्हर, इन, कोपरा. इनला आणि सेंटरला बहुधा चढाईपटूच असतात. म्हणजे कोपऱ्याचा हात असतो एका चढाईपटूच्या हातात आणि सगळी भिस्त असते त्याच्या पलीकडच्या कव्हरवर. कोपऱ्याने घोट्यात हात घातला की कव्हरने त्याच क्षणी पुढे येऊन वाट अडवायची. कव्हर पाऊलभर उशिरा आला तर चढाईपटू कोपऱ्याला ओढत मध्यरेषा गाठतो, पाठोपाठ साखळीतला आणखी एखादा बाद. आधीच धडकला तर कोपऱ्याचं काम व्हायच्या आत गडी सावध होतो. हा मेळ बोलून जमत नाही. ३० सेकंदांच्या चढाईत बोलायला वेळ कुठला? एकाच मातीत रोज संध्याकाळी शेजारी उभं राहिल्यावरच तो येतो. म्हणून उत्तम पण अनोळखी कव्हरपेक्षा बरा पण सरावातला कव्हर खेळतो. एवढं धरून चाललं तरी निम्मा अंदाज बरोबर येतो.

अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे पाच धिप्पाड गडी एका ओळीत उभे असतात. चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो, नाव तर त्याहून क्वचित होतं, पण एकाच्या जागी दुसरा आला की सगळी ओळ डळमळते. खेळ साता समुद्रापारचा, दुखणं मात्र आपलंच.

पलटणचंच बघा. १ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये त्यांनी हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. त्या मोसमात त्यांची फळी झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. डाव्या कोपऱ्यात इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, त्याच्या बाजूला कव्हर संकेत सावंत. उजवीकडे कव्हर अबिनेश नादराजन आणि कोपऱ्यात गौरव खत्री. शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते. त्याच लिलावात पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांच्या वर दिले. पैसा चढाईला मिळतो, ही तक्रार जुनीच आहे. विजेतेपद कुणाकडे गेलं, ते मात्र लिहून ठेवा.

पुढच्या मोसमात मजा झाली. अंतिम सामन्यात हरलेल्या हरियाणाने हरवणाऱ्यांचाच डावा कोपरा उचलला. शादलुई तिकडे गेला आणि त्यांचा डावा कव्हर, कर्णधार जयदीप दहियाच्या जोडीला उभा राहिला. उजवी बाजू राहुल सेठपालने आधीच धरून ठेवलेली होती. २९ डिसेंबर २०२४ला अंतिम सामन्यात हरियाणाने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं, तेही आपल्या बालेवाडीत! अबिनेश आणि खत्री ही उजवी जोडी पलटणकडे होती, पण डावी बाजू नव्याने बसवायची होती, त्यात अस्लमला दुखापत. बाद फेरीही हुकली. मग ३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीत अंतिम फेरी झाली, आणि ३१-२८ असं पलटणला हरवणाऱ्या दबंग दिल्लीच्या डाव्या कोपऱ्यात होता फजल अत्राचली, जो २०२२मध्ये पलटणचा कर्णधार होता. एक माणूस संघ जिंकवतो असं मी म्हणत नाही. अंदाज कुठून सुरू करायचा, तेवढं यातून दिसतं.

उभं राहिलेलं सप्तक फार वेळ सात राहत नाही, हेही ध्यानात घ्यावं लागतं. गडी ज्या क्रमाने बाद झाले त्याच क्रमाने परत येतात. कोपरा पहिल्या मिनिटात बाद झाला तर त्याच्या जागी कोण सरकेल, याचं उत्तर नसलेला प्रशिक्षक मी अजून पाहिलेला नाही. म्हणून कोपऱ्यात उभं राहता येणारा चढाईपटू यादीत असला की तो खेळणारच, असं मी धरतो. तीन किंवा कमी गडी उरले की अव्वल पकडीचा जादा गुण मिळतो, तिथेही असाच माणूस कामी येतो.

गावाकडच्या सामन्यांत आकडे कुठून मिळणार? तिथे डोळे लागतात. वजनकाट्यावर सुकलेल्या तोंडाने उभं असलेलं पोर पहिल्या डावात ढिलं पडणार. घोट्याला पट्टी बांधून फिरणारा कोपऱ्यात दिसला तर समोरचा संघ पहिल्या तीन चढाया तिकडेच टाकणार; त्यामुळे शहाणा प्रशिक्षक त्याला बसवतो. अंग मोकळं करताना कोण कुणाच्या शेजारी उभं राहतंय, ते तर बघायचंच. कर्णधार कुणाशी बोलतोय हे बघू नका, ते सगळं दाखवायला असतं. समोरच्याकडे डुबकी मारणारा असला की उंच कव्हर बाहेर जातो आणि कमरेत वाकणारा आत येतो. पानमळ्यात पानं खुडणाऱ्या पोराचा हात हलका असतो, तो कोपऱ्यात शोभतो असं माझं एक लाडकं मत आहे. त्यावर पुराव्यासाठी भांडू नये.

आषाढात तुकोबांची पालखी निमगावी मुक्कामाला आली की सराव बंद, पोरं वारकऱ्यांच्या सेवेत. पालखी इंदापूरकडे निघाली की पुन्हा कागद-पेन्सिल.

तेव्हा पुढच्या मोसमात पलटणची यादी हातात आली की चढाईपटूंची नावं खुशाल शेवटी वाचा. आधी डावा कोपरा कोण ते बघा, मग त्याच्या शेजारचा कव्हर गेल्या वर्षीही तोच होता का ते बघा, आणि मगच पैज लावा.